न छाटलेल्या कडा

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. वजनाने भारी आणि, खरं सांगायचं तर, तोऱ्यानेही जरा भारीच. पण माझं 'सेट' या शब्दाचं पान पाहाल, तर माझी ऐट तुम्हीही चालवून घ्याल.

छापखान्यातून आलो तेव्हा त्या शब्दापुढे जेमतेम अकरा अर्थ होते. भाषांतराच्या कचेरीतल्या एका बाईंनी मला विकत घेतलं. यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणायची, हे त्यांचं काम. शब्द अडला की त्या खुर्चीत बसून डोकं खाजवत नसत. मला पिशवीत घालून थेट कारागिराचं दार गाठत. "तुम्ही याला काय म्हणता हो?" असं विचारून त्याचं उत्तर शिसपेन्सिलीने माझ्या समासात टिपत, सोबत सांगणाऱ्याचा धंदाही लिहीत. गवंड्याचं सिमेंट धरतं, घड्याळवाला गजर लावतो, सोनार खडा जडवतो, डॉक्टर हाड बसवतो आणि सूर्य बिचारा आपला आपण मावळतो. इंग्रजीत मात्र सगळीकडे तोच एक शब्द! तीस वर्षांत माझा समास काठोकाठ भरला. कुणाचं काही अडलं, की कचेरीत म्हणत, "बाईंचं पान बघा." माझी छाती काय फुगायची म्हणता!

वापरून वापरून माझी शिवण उसवली, पुठ्ठा निखळला. बाई निवृत्त होणार म्हणून सहकाऱ्यांनी गुपचूप बेत केला, की मला नवी बांधणी करून निरोपाला भेट द्यायचं. "कडा छाटून अगदी नव्यासारखा करा हं," असं त्यांनी बाइंडरला बजावलं. सांगितलं प्रेमानेच, पण माझं धाबं दणाणलं. कडा छाटल्या की समास जाणार आणि बाईंची तीस वर्षं केराच्या टोपलीत!

बाइंडरने मला नव्याने शिवलं आणि छाटणीच्या यंत्रापाशी नेलं. एखादं पान दुमडलेलं राहू नये म्हणून त्याने सवयीने पानं चाळली. 'सेट'च्या पानावर त्याचं बोट थबकलं. पुस्तक चिकटवायची खळ सुकून घट्ट होते, त्यासाठीचा शब्द अगदी कडेला लिहिला होता, 'खळ आळते. कोपऱ्यावरचे डावखुरे बाइंडर.'

"अगं, इकडे ये!" त्याने बायकोला हाक मारली. "बाबांचा शब्द आहे हा. 'आळली का रे खळ?' म्हणून रोज विचारायचे बघ."

तिने वाकून वाचलं. सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. "आणि तुम्ही हे कापायला निघाला होतात?" ती म्हणाली.

त्याने यंत्र बंद केलं. निरोपाच्या दिवशी सहकारी कुरकुरले, "कडा तशाच की हो!" बाईंनी मात्र आधी तेच पान उघडलं, सगळा समास जागेवर पाहिला आणि मला छातीशी धरलं.

मित्रांनो, जुनं पुस्तक दुरुस्तीला द्याल तेव्हा आधी त्याचा समास वाचा. माझ्या कडा आजही वाकड्यातिकड्या आहेत. मला त्यांचा फार अभिमान आहे.