टोकाच्या अलीकडे

“आलं का टोक?” काकांनी विचारलं.

“आलं, काका,” गाईड म्हणाला.

टोक कसलं आलंय! गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेला फरशी घातलेला एक चौथरा होता, तिथे त्याने काकांना आणून उभं केलं होतं. डोंगराचं खरं टोक वर होतं. आधी पायऱ्या, मग मातीची वाट, मग टोक. पण हे बघायला काकांना डोळे नव्हते. काचबिंदूने ते केव्हाच नेले होते.

शहरातून सकाळी निघायचं, एखाद्या पाहुण्याला डोंगर दाखवायचे आणि दिवेलागणीच्या आत त्याला घरी सोडायचं, ही गाईडची नोकरी. गाडी आणि तोंड दोन्ही तोच चालवायचा. कंपनीतले त्याला पोपटराव म्हणत, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. पण यंदा त्याच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला होता. घरचा जिना उतरताना बायकोचा खांदा धरावा लागे. हे मालकाच्या कानावर गेलं असतं, तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली असती. म्हणून पायऱ्या आल्या की तो काहीतरी निमित्त काढायचा आणि पाहुण्यांना पुढे पिटाळायचा. काकांना कसं पिटाळणार? त्यांनी तर त्याचंच कोपर धरलेलं.

सकाळी निघताना काकांच्या मुलीने त्याला बाजूला घेतलं होतं. “दादा, बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल, पण ते टोक चुकवू नका. लग्न झाल्यावर आई-बाबा पहिल्यांदा तिथेच गेले होते. आता आई नाही. बाबांना तिथे जाऊन तिच्याशी काहीतरी बोलायचंय. काय ते मला सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना माझ्याकडे घेऊन जातेय, मग इतक्या लांब कुठलं येणं होतंय!”

“तुम्ही निर्धास्त राहा, ताई,” तो म्हणाला होता. अगदी मनापासून म्हणाला होता. पायऱ्या समोर दिसल्या आणि मन फिरलं. इतक्या वर्षांपूर्वीची जागा, म्हाताऱ्याला काय आठवणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

“समोर दरी आहे, काका,” त्याने टकळी सुरू केली. “खाली नदी. पलीकडे डोंगरच डोंगर, शेवटचे तर पार निळे दिसतायत.” रोजचंच बोलणं.

काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली. केसांवरून हात फिरवला. त्या नीटनेटकं होण्याकडे गाईडला बघवेना. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“वारा नाही आज?”

“पडलाय, काका.”

“आणि इथला कठडा? लोखंडी होता, कमरेएवढा.”

“तो काढला. गंजला होता पार.”

तेवढ्यात शेजारी एक गाडी थांबली. मुलाबाळांसकट एक बाई उतरल्या आणि थेट गाईडलाच विचारू लागल्या, “अहो दादा, टोकावर जायच्या पायऱ्या याच ना?”

गाईडने नुसती मान हलवली.

“फार चढायचंय का हो?”

गाईड खाली वाकून गुडघा चोळू लागला. शेवटी काकाच त्या आवाजाच्या दिशेने वळले. “सावकाश जा. वर वारा फार असतो, पोरांच्या टोप्या सांभाळा.”

पोरं ओरडत पायऱ्या चढून गेली. गाईडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काका, माझा गुडघा…”

“सकाळपासून पाय ओढत चालताय. ऐकू येतंय मला.” काकांचा आवाज चढला नव्हता. “मग सांगायचं होतंत ना. थांबत थांबत गेलो असतो. मला कुठे घाई होती?”

चार शिव्या खायची त्याची तयारी होती. या बोलण्याची नव्हती.

“चला, आत्ता जाऊ. वाटेल ते होऊ दे गुडघ्याचं, मी नेतो तुम्हाला.”

“आता नको. आता गेलो तर तिच्याशी रागातच बोलेन. माझा राग तिने जन्मभर ऐकलाय. आज तेवढ्यासाठी नव्हतो आलो.”

परतीच्या वाटेवर पोपटरावांनी नुसती गाडी चालवली. काकांनीच मध्ये एकदा विचारलं, “डॉक्टरला दाखवलंत का?” तो “हो” म्हणाला. तेही खोटंच होतं.

घराच्या दारात मुलगी फडकं घेऊनच उभी होती. “वरच्या वाटेला चिखल असतो ना, बाबा? बूट इथेच काढा. झालं का मनासारखं?”

“झालं की. वर काय वारा होता!”

“आणि आईशी बोललात?”

“बोललो.”

तिचे डोळे भरून आले. तिने हळूच गाईडला विचारलं, “रडले का हो? मला कधी सांगायचे नाहीत, म्हणून विचारते.”

“मी… जरा लांब उभा होतो, ताई.”

“समजूतदार माणूस आहे,” असं म्हणत काका खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पाय पुढे केले.

मुलीने खाली बसून एक बूट काढला. खास आजच्यासाठी आणलेले नवे बूट होते. पुसायला म्हणून तिने तो उलटा केला. तळाला चिखलाचा टिपूसही नव्हता. तिने दुसरा काढून तोही उलटून पाहिला. मग मान वर करून गाईडकडे पाहिलं. गाईडने नजर खाली घातली.

“काय गं, फार चिखल लागलाय का?” काकांनी विचारलं.

“लागलाय थोडा,” ती म्हणाली, आणि त्या कोऱ्या तळावरून फडकं फिरवत राहिली.