वोबेच्या कानाशी बसलेला रेडिओ

मित्रांनो, पंजात मावणारा, एका कोपऱ्याला टवका उडालेला आणि लांबलचक अँटेना असलेला रेडिओ तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मीच. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझ्या तारा जोडल्या गेल्या. मला पहिल्यांदा कंठ फुटला तेव्हा हवामानाच्या बातम्या चालू होत्या आणि त्या मला भारी रटाळ वाटल्या. पण माझे नशीब थोर! उत्तरेला फ्रीसलँडमध्ये दुधाचा टँकर चालवणाऱ्या वोबेने मला विकत घेतले आणि मला फुटबॉल मिळाला.

टँकरमध्ये मी त्याच्या शेजारी बसायचो. रविवारी तो मला आमच्या गावच्या संघाच्या, टेरवाल्डेच्या, मैदानावर न्यायचा. दुसऱ्या मैदानांवर काय चालले आहे हे विचारायला आजूबाजूचे लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, आणि मी फुशारून जायचो. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. माझी रवानगी मागच्या खोलीत, बर्फावर घसरायचे स्केट्स ठेवलेल्या फळीवर झाली. तिथे मी किती वर्षे धूळ खात पडलो होतो ते मला ठाऊक नाही. फार वाईट वाटायचे.

मग वोबेची नजर गेली. हळूहळू गेली. “मैदान म्हणजे नुसता हिरवा डाग दिसतो गं,” असे तो एकदा बायकोला, चिट्स्केला, म्हणाला. त्याच दिवशी चिट्स्केने मला शोधून काढले, पुसले आणि नवे सेल घातले. तो मोसमही असा होता की आमचा चिमुकला टेरवाल्डे इतिहासात पहिल्यांदाच देशातल्या सर्वांत वरच्या गटात खेळणार होता! मी आनंदाने खरखरलो.

काय मोसम होता तो! पहिल्याच सामन्यात आम्ही एका बड्या शहराच्या संघाला लोळवले. हिवाळ्यात मैदानावर बर्फ साचला तेव्हा सारे गाव घरून फावडी घेऊन आले आणि सामन्याआधी मैदान मोकळे केले. मी वोबेच्या कानाशी बसून त्याला प्रत्येक चेंडू सांगत होतो. चिट्स्के शेजारी विणत बसायची. कॉफीबरोबर डब्यातले एकेक बिस्कीट द्यायची आणि झाकण टपकन लावून टाकायची. खेळाकडे ती मान वर करून बघायचीही नाही.

“मी फक्त तुला घरी परत न्यायला येते,” असे ती म्हणायची.

पुढच्या रांगेत बसणारा आडदांड येल्मर मागे वळून चिडवायचा, “काय वोबेकाका, हे खोकं अजून बोलतं?”

“तुझ्यापेक्षा शहाणपणाचं बोलतं,” वोबे म्हणायचा.

वसंतात मात्र आम्ही हरतच गेलो. शेवटचा रविवार आला तेव्हा चित्र असे होते: टेरवाल्डे किंवा ओस्टरव्हेन, दोघांतला एक खालच्या गटात जाणार. आम्ही एका गुणाने पुढे होतो. ओस्टरव्हेन जिंकले नाही तर आम्हाला बरोबरी पुरे होती. ते जिंकले तर आम्हालाही जिंकावेच लागणार होते. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी असतात आणि माझे निवेदक या मैदानावरून त्या मैदानावर उड्या मारतात.

आमचा सामना एक-एक असा अडला होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना कुणीतरी फोन नाचवत ओरडले, “ओस्टरव्हेनवर गोल झाला!” झाले! सारा स्टँड गाऊ लागला, बिअर उडाली, लोक घरी फोन लावू लागले आणि सगळ्यांचे नेटवर्क एकदम ठप्प झाले. प्रशिक्षक हिल्ब्रांटही त्या गाण्यावर विसंबला. त्याने हाताने खूण केली: सांभाळून खेळा. आमचे खेळाडू चेंडू मागे मागे, बचावपटू रेमकोकडे देऊ लागले.

पण मी वोबेच्या कानात वेगळेच सांगत होतो. तो गोल पंचांनी रद्द केला होता आणि आता ओस्टरव्हेननेच गोल मारला होता!

“ते पुढे आहेत! अरे, आपण बुडतोय!” वोबे ओरडला. त्या गोंगाटात कोण ऐकणार? त्याने येल्मरची कॉलर धरली. “ऐक हे!”

वोबेने मला कानापासून दूर केले. माझ्याशिवाय त्याला सामना दिसणार नव्हता, आणि तरी त्याने मला देऊन टाकले. येल्मरने ऐकले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“पुढे द्या! हिल्ब्रांटपर्यंत पोचवा!” तो गरजला.

मी डोक्यांवरून निघालो! या हातातून त्या हातात. एका हाताला तळलेल्या माशाचा वास, दुसरा बिअरने चिकट. कुंपणावरून मी प्रशिक्षकाच्या हातात पडलो. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. त्याने ऐकले, मला गवतावर फेकले आणि तो बोंबलत सुटला, “सगळे पुढे! रेमको, तूसुद्धा! गोल पाहिजे, गोल!”

माझी अँटेना तुटली. माझा आवाज बंद झाला. गवतातून मला फक्त धावणारे बूट दिसत होते, आणि मग कानठळ्या बसवणारी ती आरोळी उठली. आम्ही वाचलो होतो!

वर स्टँडमध्ये काय घडले ते मला नंतर येल्मरच्या तोंडून कळले. वोबे रिकाम्या हातांनी उभा होता. “काय चाललंय? सांगा रे कुणीतरी!” चिट्स्केचे विणकाम खाली पडले. ती उठली आणि त्याची बाही धरून ओरडू लागली, “थांब! तो लाल बुटांचा पळतोय उजवीकडून. पडला! नाही नाही, उठला! चेंडू उंच मारला. तुझा तो लांबुडका रेमको येतोय. अरे देवा, वोबे, चेंडूला डोकं लावलं त्याने! गेला! जाळ्यात गेला रे!”

वोबे तिला मिठी मारून रडत म्हणाला, “इतकं स्वच्छ मला वर्षभरात दिसलं नव्हतं गं.”

येल्मरने माझी अँटेना तार गुंडाळून जोडून दिली. मी पुन्हा छान बोलतो. पण नव्या मोसमात वोबे मला कोटाच्या खिशात बंद करून ठेवतो, कारण सामना चिट्स्के सांगते. तिला ऑफसाइड कळत नाही. खेळाडूंना ती केसांवरून ओळखते. पहिल्या दिवशी मला फार राग आला. मग खिशातून मी वोबेचे हसणे ऐकले आणि माझा राग निवळला.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा, अधूनमधून पुसा. पण तुमच्या शेजारी डोळ्यांनी दिसत नाही असे कुणी बसले असेल, तर आमची वाट पाहू नका. तुम्हीच बोला. चुकले तरी चालेल. मी खिशात गप्प बसायला तयार आहे.