फळ्यावरचा आकडा

धाकटीचं कौतुक कानावर पडलं की ताईच्या पोटात दुखायचं, आणि या दुखण्यावर औषध नव्हतं. ताई गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख. निम्मं आयुष्य तळघरात गेलेलं. बारीक तारेला टांगलेल्या एका चकतीजवळ दुसरी चकती आणायची, अगदी केसाहून कमी अंतरावर, आणि ओढ किती वाढली ते बघायचं. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी आठवड्याची मेहनत पाण्यात.

आणि धाकटी? त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, खिडकीशी बसून स्ट्रिंग थिअरी करायची. सगळं जग अतिसूक्ष्म तंतूंच्या थरथरण्यातून झालंय आणि आपल्याला दिसतात त्यापलीकडे आणखी मिती दडून बसल्यात, असं ती सांगायची. लोक तोंडात बोट घालून ऐकायचे. कुणी पुरावा मागितलाच तर म्हणायची, "तेवढी बारीक यंत्रं अजून कुठे आहेत?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई जेवताना म्हणायची.

"असेल गं," आई म्हणायची, "पण बोलते किती छान!"

हे वाक्य ताईच्या घशाखाली कधी उतरलं नाही. मोजायचं एकीनं आणि मिरवायचं दुसरीनं, हा कुठला न्याय?

अखेर यंदा धाकटी तावडीत सापडली. तिच्या नव्या गणितानुसार दडलेली एक मिती चांगली ऐसपैस निघाली, ताईच्या यंत्राला कळेल एवढी. ती खरी असेल, तर त्या केसभर अंतरात ओढ नेहमीच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त भरायला हवी होती. ताईनं लगेच मोजायला घेतलं. इतक्या उत्साहानं तिनं लग्नाची खरेदीसुद्धा केली नव्हती.

ताईच्या प्रयोगशाळेत एक रीत होती, तिनंच घालून दिलेली. मोजमापात संगणक एक गुप्त आकडा मिसळून ठेवायचा, म्हणजे नकळतसुद्धा कुणी उत्तर आपल्या बाजूला ओढू नये. तो आकडा काढून टाकायच्या दिवशी सगळ्यांनी आधी फळ्यावर लिहायचं, काय निघालं तर मी चुकले.

त्या दिवशी ताईनं धाकटीला आग्रहानं बोलावलं. संचालकांना बोलावलं, धाकटीच्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. झाकली मूठ चारचौघांत उघडायची तर बघायला माणसं नकोत का?

धाकटी पेन हातात घेऊन फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"सुचत नाहीये का गं?" ताईनं मधाळ आवाजात विचारलं.

धाकटीनं लिहिलं, 'जादा ओढ शून्य निघाली, तर माझं गणित चूक.' मग ती मागे वळली. "अख्खी स्ट्रिंग थिअरी यानं पडणार नाही. ती कशानं पडेल हे मलाच माहीत नाही, आणि ते मला फार खुपतं. पण हे गणित माझं आहे, आणि ते पडू शकतं." तिनं पेन पुढे केलं. "आता तू लिही."

"मी कशाला? मी नुसती मोजते. माझं काय पणाला लागलंय?"

सगळे हसले. ताईनं बटण दाबलं. गुप्त आकडा निघून गेला आणि पडद्यावर उत्तर आलं. जादा ओढ शून्य.

ताईला असा आनंद झाला की लाजसुद्धा वाटली नाही. तिनं आधी धाकटीचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला होता. पण धाकटी पुढे झाली, फळ्यावर आपल्या वाक्याखाली 'चूक' लिहिलं आणि सही केली.

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या खोलीनं. "हरावं तर असं!" कुणीतरी म्हणालं. विद्यार्थ्यांनी धाकटीला घेरलं, एक मुलगी तर रडायलाच लागली. ज्या बाईनं हे सगळं मोजलं, ती थंड झालेला चहा घेऊन कोपऱ्यात उभी होती. मेली हरली तरी हार हिच्याच गळ्यात! ताईला कप भिंतीवर फेकावासा वाटला.

खोली रिकामी झाल्यावर धाकटी स्टुलावर बसली. डोळे लाल झाले होते.

"यंत्र नीट तपासलंस ना, ताई?"

"शून्य आलंय. त्यात काय तपासायचं?"

"आणि शून्य आलं नसतं तर?"

"तर सगळं खोललं असतं. तार बदलली असती, चकत्या बदलल्या असत्या, पुन्हा मोजलं असतं."

"कुठपर्यंत?"

"शून्य येईपर्यंत," ताई फटकन म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला त्यानंतर ऐकू आलं.