खंडेनवमीची मास्टर टेप

समरजितचा सूर पायजम्याच्या नाडीसारखा होता. ऐन वेळी आत जायचा. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: त्याला स्वतःला आणि रेकॉर्डिस्ट वसंतला. वसंतने एकेक ओळ तीस-तीसदा गाऊन घेतली, त्यातले बरे शब्द वेचून जोडले, वर भरपूर एको ओतला आणि ‘लव्ह रिफायनरी’ हा आठ गाण्यांचा पॉप अल्बम उभा केला. साल अठ्ठ्याण्णव. तेव्हा टीव्हीवर रोज एक नवा गायक गॉगल लावून वाळवंटात पळत असे. मग बडोद्याच्या दांडिया बाजारानेच कोणाचं घोडं मारलं होतं?

प्रकाशन दसऱ्याच्या संध्याकाळी ठरलं. कॅसेटी अजून निघायच्या होत्या, पण कव्हरं तयार होती. तेव्हा पाहुण्यांनी रिकाम्या डब्यांचं प्रकाशन करायचं, समरजितने मास्टर टेपवर ओठ हलवत नाचायचं आणि मग ती टेप मुंबईच्या कंपनीचे कुशलभाई घेऊन जाणार. टेप एकुलती एक. दुसरी प्रत काढू या, असं वसंत दोनदा म्हणाला. पण समरजित तेव्हा जाकिटाला झालर लावून घेण्यात गुंतला होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. वडील विश्वासराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले. गायकवाडी फौजेतल्या पणजोबांची तलवार आणि स्वतःची वर्कशॉपातली हत्यारं ते दरवर्षी एकाच चौरंगावर पुजत. मुलगा गातो, हे त्यांनी पाच वर्षं नातेवाइकांपासून लपवलं होतं. आज आपणहून म्हणाले, “ती टेप की काय ती आण इकडे. ज्याचं त्याचं हत्यार.”

समरजितचा गळा भरून आला. एकोशिवाय गळा भरण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

दसऱ्याला हॉल गच्च. अध्यक्ष धनाजीराव, कोयलीच्या रिफायनरीत कंत्राटं घेणारे. एकही गाणं न ऐकता ते अर्धा तास अल्बमच्या गोडव्यावर बोलले. मग धूर सोडला, समरजितने हात पसरले, ओठ उघडले.

स्पीकरमधून आवाज आला, “सूंऽऽऽ.” शिट्टीवर आलेला कुकर करतो तसा. मध्येच एक ‘बेबी’ वर आली आणि बुडाली.

समरजितने मिनिटभर नेटाने ओठ हलवले. मग नाचता नाचता पहिल्या रांगेपाशी वाकला. “बाबा, टेपखाली काय ठेवलं होतंत?”

“लोहचुंबक. लोखंडाचा कीस उचलायचा, आमचा. टेप घसरत होती ना, म्हणून त्याचंच आसन दिलं.” विश्वासराव अभिमानाने म्हणाले. “कालपासून हलली नाही बघ!” टेप हलली नव्हती; चुंबकाने नुसती पुसली होती.

“गाओ ने, भाई! मोढेथी गाओ!” तोंडानेच गा म्हणून मागून गुजराती ओरडा झाला. वसंतने डोळे मिटून, आजवर शोभेचा असलेला माईक चालू केला.

आठ गाण्यांतली एक ओळ आठवेना. समरजितने तोंड उघडलं आणि घरात लहानपणापासून म्हटलेली आरतीच बाहेर पडली. पहिला सूर सवयीप्रमाणे आत जातो न जातो तोच तीनशे माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. बडोद्यात आरती सुरू झाली की कोणी बसून राहत नाही आणि कोणाला एकट्याने म्हणूही देत नाही. धनाजीरावांनी अध्यक्षीय ग्लास चमच्याने बडवला. समरजितचा आवाज शेवटपर्यंत कोणाच्याही कानावर पडला नाही.

कुशलभाई डोळे पुसत विंगेत आले. “आ ज करीए. आरतीनी कॅसेट. पब्लिकनो अवाज आगळ, तमारो पाछळ.”

“किती मागे?”

“घंटनी पाछळ.”

देवदिवाळीला कॅसेट आली. कव्हरवर तेच झालरीचं जाकीट, वर कपाळाला गंध. दांडिया बाजारात हातोहात खपली. विश्वासराव लग्नाकार्यांत मुलाची ओळख ‘आमचे गायक’ अशी करून देऊ लागले.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी हाक मारली, “समरजित, नवीन टेप आण रे पूजेला.”

“ती वसंतच्या कपाटात आहे, कुलपात,” समरजित म्हणाला, आणि तलवारीसाठी आणलेला झेंडूचा मोठा हार त्याने चुंबकाला घातला.