ओल्या लाल कडा

तर झालं असं, की पॅरिसच्या त्या शरदातल्या प्रदर्शनात उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळे चित्रकार शिड्या लावून भिंतीवरच्या आपापल्या चित्रांना शेवटचा हात फिरवत होते, आणि ओदिल मात्र शिडीवर नुसती बसून होती. हातात तपकिरी रंगाची ट्यूब. ती दिली होती मस्यू पेलारनी, तिच्या जुन्या मास्तरांनी, जे आता निवड समितीवर होते. चित्रात तिची आई, कोलिऊरच्या बंदरावर मासे खारवणारी. नाक हिरवंगार, हात नारिंगी. मास्तरांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की संध्याकाळच्या घंटेआधी त्या नाकावर तपकिरी फिरव, नाहीतर चित्र उतरलंच म्हणून समज. हे प्रदर्शन आहे, जनावरांचा पिंजरा नाही.

या भिंतीसाठी ओदिलने काय काय सोसलं होतं! एक फटकारा मारला की सुटले, असं तिलाही वाटायला लागलं.

खाली आई शिडी धरून उभी, गावाहून मुद्दाम आलेली. ओदिलने विचारलं, "आई, तुला कसं वाटतंय गं?"

"भयंकर," आई म्हणाली. "गावात कुणाला दाखवू नकोस."

ओदिलने ट्यूबचं झाकण काढलं.

"थांब. नाक माझं आहे ना? मग हा कोण टिकोजीराव?" आई चित्राकडे बघतच राहिली. "एवढी हिंमत केलीस, आणि कडेला मात्र घाबरलीस. तो शेणासारखा रंग कुणाचा?"

आणि खरंच की! चारही कडा तपकिरी, थेट मास्तरांच्या वर्गातल्या. ओदिलने त्यांची ट्यूब खिशात टाकली, शेंदरी लाल काढला आणि कडांवर असा थापला, असा थापला, की कॅनव्हास ताणलेल्या बाजूच्या लाकडी पट्ट्याही पार माखल्या. धरायला वरून चौकट तर नव्हतीच.

घंटा झाली. मास्तर दोन हमाल घेऊन आले. हमालांनी तो ओला रंग बघितला आणि हात खिशात घातले.

"उतरवा ना, मस्यू," ओदिल शिडीवरूनच म्हणाली.

मास्तर चिडले, स्वतःच चित्र भिंतीवरून उतरवलं आणि मागच्या जिन्याखाली टाकायला निघाले. अख्खं दालन ओलांडून! तळवे लाल, पांढरे कफ लाल. लोक शिड्यांवरून उतरून मागे, जिन्याखाली ही गर्दी. ओदिलने तिथेच खिळा ठोकून चित्र टांगलं.

मास्तरांनी वैतागून दाढी खाजवली. आई लेकीला म्हणाली, "बघ, याला पण शोभतो की रंग."