हाळीचं बटण

ज्या माळावर गिताबाईच्या सासऱ्याची मेंढरं चरली, त्या माळाला तारेचं कुंपण पडलं आणि त्याच कुंपणाला तारेनंच एक फलक बांधला गेला : 'गवत आणि मेंढी – एक अतूट नातं'. आत गवत, बाहेर मेंढरं, आणि मधे अतूट नातं लोंबकळत होतं.

माळ पाटस आणि कुरकुंभच्या मधला, हायवेपासून आत. त्याचं आता 'तृणवैभव निसर्ग परिचय उद्यान' झालं होतं. वैभव कसलं, तर गवताला कुणी तोंड लावायचं नाही. पुण्याहून सल्लागार आले, गाडीची काच खाली करून माळ बघितला, छान म्हणाले आणि दारात लॉन लावायला सांगून गेले. म्हणजे गवताच्या माळावरचं गवत उपटून तिथं विकतचं गवत. त्याला टँकरनं पाणी. सोसायटीचे चेअरमन पोपटराव उद्यान समितीचेही चेअरमन झाले होते, तेव्हा टँकर कुणाच्या मेव्हण्याचा हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायची वाट गिताबाईच्या घरानं सोडून जमाना झाला. घर बांधलं, थोडा ऊस लावला, पोरगा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायला लागला. चाळीसेक मेंढरं तेवढी राहिली होती, ती नवरा-बायकोच्या हट्टावर. चौफेर उसाचं रान झालेलं, उघडा म्हणावा असा हा एकच माळ. तोही बंद झाल्यावर तिचा नवरा म्हस्कू कळप घेऊन कॅनॉलच्या कडेनं आणि रस्त्याच्या साईडपट्टीनं हिंडायचा. एका डंपरखाली दोन गाभण मेंढ्या गेल्या, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, की माळ मिळाला तर ठीक, नाहीतर दिवाळीआधी सगळी यवतच्या बाजारात विकायला उभी करू. गिताबाईची भाकरी ताटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पोपटरावांकडं गेली. पोपटरावांनी चहा पाजला आणि चराईनं निसर्गाची कशी हानी होते ते समजावून सांगितलं. त्यांच्या मागं भिंतीवर जेसीबीला हार घालतानाचा त्यांचाच फोटो होता. माळ देता येत नाही म्हणाले, पण काम देता येईल. उद्यानात 'मेंढपाळ जीवन दर्शन' उभारायचं होतं. सुट्टीच्या दिवशी लुगडं नेसून, खांद्यावर घोंगडं टाकून खोपटापुढं उभं राहायचं, पाहुण्यांना फोटो काढू द्यायचे. मोठ्या माणसाच्या डोळ्यापुढं राहिलो तर कधीतरी दया येईल, या हिशेबानं गिताबाईनं होकार दिला. मेंढ्या समितीनं सिमेंटच्या आणल्या होत्या. कारागिरानं मेंढी बघितलेली नसावी, कारण शेपट्या कुत्र्याच्या बसवल्या होत्या. त्या कुत्र्यामेंढ्यांत गिताबाई दिवसभर उभी राहायची आणि तिची जिती मेंढरं कुंपणापलीकडून तिच्याकडं बघत राहायची.

माहिती सांगायला प्रतिभा नावाची पोरगी होती, शिरूरकडची, कंत्राटावर घेतलेली. तिच्या गावात बिबट्याच्या धास्तीनं दिवेलागणीलाच दारं लागतात, आणि ही इकडं येऊन 'वन्यजीव आपले मित्र' हे पाठ म्हणायची. पोरगी वाईट नव्हती. पण समितीनं लिहून दिलेल्या मजकुरापलीकडं एक अक्षर बोललं तर कंत्राट जाईल, ही धास्ती तिला बिबट्यापेक्षा मोठी होती.

उद्घाटनाआधी सल्लागारांना नवी कल्पना सुचली. खांबावर कर्णा, खाली बटण. पाहुण्यानं बटण दाबलं की मेंढपाळाची अस्सल हाळी ऐकू येणार. म्हस्कूचा आवाज तंबाखूनं गेलेला, म्हणून गिताबाईला माइकपुढं उभं केलं. रानात कळप हाकायची हाळी गड्यांची. बायकांची हाळी वेगळी. तिन्हीसांजेला भरड्याची, म्हणजे भरडलेल्या दाण्याच्या खुराकाची पाटी घेऊन मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि जिभेवर 'हुर्र' घोळवून लांबलचक 'याऽऽ' सोडायचा. गिताबाईला तीच येत होती, तीच तिनं दिली. हिचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्याकडं अर्थ आधीच छापून आला होता : 'ही हाळी म्हणजे मेंढपाळाचं निसर्गाला वंदन.'

उद्घाटनाला मांडव पडला. शाळांच्या गाड्या आल्या. पर्यावरणावर सव्वा तास भाषणं झाली आणि तेवढा वेळ एसी चालू ठेवून साहेबांची गाडी बाहेर धूर सोडत उभी होती. मग प्रमुख पाहुण्यांनी फीत कापून बटण दाबलं.

म्हस्कू त्या वेळी कुंपणाच्या बाजूनं चालला होता. मेंढरं सकाळपासून उपाशी. माळावरून भरड्याची हाळी आली, तीही रोजच्यापेक्षा दसपट मोठी. कळपानं आधी माना वर केल्या, मग म्हस्कूकडं ढुंकूनही न बघता तारेखालून, तारेवरून, डांब पाडून सगळा लोंढा आत घुसला. लॉन तुडवत खांबापाशी आला. भरडा कुठंच दिसेना, तेव्हा फुलपाखरू उद्यान खाल्लं, मग मांडवाच्या झेंडूच्या माळा, आणि एका मेंढीनं पाहुण्यांच्या हातातला गुच्छ ओढून घेतला.

पोपटरावांचा चेहरा तांबडालाल झाला. चराईबंदी मोडली म्हणून सगळी मेंढरं कोंडवाड्यात घाला, असं त्यांनी तिथंच फर्मावलं. म्हस्कू तारेपलीकडं हात जोडून उभा. कोंडवाड्यात गेलेलं जनावर सोडवून आणायची त्यांची ऐपत नव्हती. म्हणजे दिवाळीचीही वाट बघायला नको, कळप आजच गेला.

गिताबाई खांद्यावरचं घोंगडं सिमेंटच्या मेंढीवर टाकून पुढं आली.

"चेअरमन, मी हाकल्या का? यांनी हाकल्या का?"

"मग कुणी आणल्या?"

"तुम्ही बोलावल्या. जेवायला बोलावलं, आल्या. आता ताटावरनं उठवून जेलात घालताय व्हय?"

पोपटरावांना काही उमगेना. ती म्हणाली, "दाबा की परत. म्हंजी कळंल."

दाबलं पाहुण्यांनीच. हाळी घुमली आणि मांडवभर पांगलेली मेंढरं एकमेकांच्या अंगावरून धावत खांबाभोवती गोळा झाली, कर्ण्याकडं तोंडं करून. पोरं बाकावर उभी राहून टाळ्या पिटायला लागली. पाहुणे खूश झाले. एवढा जिवंत अनुभव आपण परदेशातही घेतला नाही म्हणाले आणि मेंढीबरोबर फोटो काढून घेतला.

पोपटरावांच्या चेहऱ्याचा तांबडा रंग तिथल्या तिथं उतरला. माइक हातात घेऊन ते म्हणाले, की या उपक्रमाची तयारी समिती कित्येक महिने करत होती.

कोंडवाडा टळला. समितीची बैठक बसली आणि तिनं नियम केला. तिकीट काढलेल्या पाहुण्यानं बटण दाबलं तरच मेंढ्या फाटकातून आत येतील, आणि प्रतिभाची माहिती चालू असेल तोवरच चरतील. माहिती संपली की बाहेर. गिताबाई म्हणाली, चला, दार तरी उघडलं.

रविवारी दार उघडायचं. पण आठवड्याला दिवस काही सगळे रविवार नसतात. सोमवारपासून उद्यानात चिटपाखरू फिरकेना. बटण उन्हात तापत पडलं, गवत कंबरेला लागलं, आणि म्हस्कू कळप घेऊन पुन्हा डंपरच्या बाजूनं चालायला लागला. बाजाराचा विषय परत जेवणात आला.

एका बुधवारी गिताबाई फाटकाशी आली, मागं कळप घेऊन म्हस्कू. लुगड्यावर नव्हती, पोरानं घेतलेली बाजाराची साडी नेसली होती. वॉचमन बिहारचा, नुकताच आलेला. त्यानं हात आडवा केला.

"माताजी, टिकट के बिना अंदर नहीं."

"मंग दे की टिकट."

सासऱ्याच्या माळावर जायला तिनं तिकीट फाडून घेतलं, पदराच्या गाठीला बांधलं आणि खांबाजवळ जाऊन बटण दाबलं. तिचाच आवाज तिच्या डोक्यावरून माळभर गेला. फाटक उघडलं. मेंढरं आत आली आणि गवतात तोंडं खुपसून गप झाली.

प्रतिभानं नियमाप्रमाणं माहिती म्हणायला घेतली. निसर्गाला वंदनापासून लोकरीपर्यंत तिनं सगळं घडाघडा म्हटलं आणि थांबली. वॉचमन मेंढरं हाकायला उठला.

"बस रं जरा," गिताबाई त्याला म्हणाली. मग प्रतिभाकडं वळली. "पाहुण्याला शंका इचारता येती न्हवं?"

"येते की, मावशी. शंका संपेपर्यंत माहिती चालूच धरायची, असं लिहिलंय."

गिताबाईनं पिशवीतली भाकरी काढून शेजारी ठेवली आणि लॉनवर ऐसपैस मांडी घातली.

"मंग बस खाली. मला बाई त्यातलं कायबी कळलं न्हाई. मेंढी म्हंजी काय, ते पयल्यापासनं सांग."

प्रतिभानं एकदा मेंढरांकडं बघितलं, एकदा वर आलेल्या उन्हाकडं. मग चपला काढून तिच्यासमोर बसली.

"मेंढी हा," तिनं सावकाश सुरुवात केली, "चार पायांचा प्राणी आहे."

"चार?" गिताबाई म्हणाली. "कोणचं कोणचं?"