थोरली

केझायाने रडणारं बाळ पुढे केलं, तसं डॉर्कसने ते मांडीवर घेतलं. चर्चमधल्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. पलीकडे आयशम टोपी चुरगाळत उभा होता. दोघींचा नवरा.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून वर्ष झालं होतं. साउथ कॅरोलिनातल्या त्या गावात आज गुलामीतून सुटलेल्यांची लग्नं कायद्याने पक्की होत होती. आजवरची लग्नं मालकाच्या मर्जीपुरती. कापूस बुडाला त्या वर्षी मालकाने आयशमच्या पहिल्या बायकोला, डॉर्कसला, दूर अलाबामात विकलं. पुढे ती मेल्याची बातमी आली; कितीतरी वर्षांनी आयशमने केझायाशी संसार मांडला. आणि सुटका होताच गावोगाव विचारत, पायी चालत, डॉर्कस परवा दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे बरं गप्प झालं," केझाया म्हणाली. "माझ्याकडे नुसतं किरकिरतंय."

"तू परवापासून जेवली नाहीस. त्याला दूध कुठून मिळणार?"

केझायाने मान खाली घातली. "मी पोरांना घेऊन आईकडे जाईन. पहिला हक्क तुमचा. मी भांडणार नाही."

डॉर्कस बाळाला थोपटत राहिली.

आयशमचं नाव पुकारलं गेलं. निळ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने तिघांकडे पाहिलं.

"कायद्याने बायको एकच. कोणती, बोल."

आयशमने टोपी छातीशी धरली. तो डॉर्कसकडे नुसता पाहत राहिला.

डॉर्कस बाळाला खांद्यावर घेऊन उठली.

"त्याला काय विचारता, साहेब? बायको ही. मी बहीण त्याची. थोरली."

"बहीण? चेहरा तर जुळत नाही."

"मी आईवर गेलेय. तो बिचारा बापावर."

अधिकारी हसला आणि त्याने केझायाला पुढे बोलावलं.

बाहेर आल्यावर आयशम भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. डॉर्कसने त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, मग आवरला. बाळ केझायाकडे देऊन ती रस्त्याला लागली.

"कुठे निघालात?"

"जाईन कुठेही. आता मालकाचा परवाना लागत नाही."

केझाया झपाट्याने पुढे येऊन तिच्या वाटेत उभी राहिली. डोळे भरले होते, आवाज मात्र ठाम होता.

"साहेबासमोर नातं सांगितलंत ना? मग आता निभावा. घरी चला, वन्सं. पोरांना आजवर आत्या नव्हती."